दंडगोलाकार अँटेना : गणिती प्रतिमान

वर्तुळाकार छेदाच्या सरळ धातुतारेला किंवा नळीला मध्यभागी विद्युत् दाब दिला असता तिच्यावर प्रवाह कसा पसरतो, ते ठरवणारी समीकरणे. प्रवाह कळला की इंपेडन्स आणि प्रारण दोन्ही काढता येतात.

हेन्री पॉकलिंग्टन यांनी 1897 मध्ये बारीक तारेवरील प्रवाह जवळजवळ ज्यावक्री असतो, असे दाखवले. ज्यावक्र धरल्यास अतिशय बारीक अर्धतरंग द्विध्रुवाचा रोध सुमारे 73 ओहम व रिअ‍ॅक्टन्स 42.5 ओहम येतो. पूर्णतरंग लांबीला मात्र हे गृहीत कोसळते : मध्यबिंदूवर प्रवाह शून्य, म्हणजे इंपेडन्स अनंत.

स्वीडनच्या एरिक हालेन यांनी 1938 मध्ये प्रवाहासाठी समाकल समीकरण मांडले आणि लांबी व त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिथमची दुप्पट हा प्राचल घेऊन त्याच्या व्यस्त घातांची श्रेणी दिली. 1 मीटर लांब, 1 मिलिमीटर त्रिज्येच्या तारेसाठी हा प्राचल 13.8, त्रिज्या दहापट केली तरी 9.2. त्यामुळे व्यवहारात बारीक म्हणवणारी तारही या श्रेणीला पुरेशी बारीक नसते. किंग व मिडल्टन यांनी 1946 मध्ये प्राचल बदलून श्रेणी सुधारली.

खरा पेच समीकरणाच्या कर्नेलचा, म्हणजे समाकलात प्रवाहाला गुणणाऱ्या फलनाचा आहे. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके तो बहुधा टाळतात. अचूक कर्नेल परिघावर सरासरी घेऊन मिळतो व त्यात लॉगॅरिथमी विशिष्टता असते. सोपा कर्नेल प्रवाह अक्षावर एकवटला असे मानतो, म्हणून तो सर्वत्र गुळगुळीत राहतो. दाब शून्य रुंदीच्या फटीत दिला असे धरले, तर सोप्या कर्नेलच्या समीकरणाला काटेकोर अर्थाने उकलच नाही. तरीही संगणक आकडे देतो. गणनेसाठी तारेचे पाडलेले तुकडे त्रिज्येच्या मानाने फार लहान केले की टोकांपाशी व फटीपाशी प्रवाह दोलायमान होतो. अचूक कर्नेलला उकल आहे, पण शून्य रुंदीच्या फटीची धारिता अनंत असल्याने फटीपाशी प्रवाहाचा काल्पनिक भाग अनंताकडे जातो. म्हणून अशा प्रतिमानातून काढलेला कंडक्टन्स विश्वसनीय. ससेप्टन्सबाबत तसे म्हणता येत नाही.

हॅरिंग्टन यांच्या 1968 च्या ग्रंथानंतर अशी समीकरणे संगणकावर सोडवण्याची मोमेंट पद्धती रूढ झाली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची ‘एनईसी’ ही संगणकप्रणाली तिच्यावर उभी आहे.

भरीव दंडाच्या टोकाच्या चकत्यांचा परिणाम जाड अँटेनातच विचारात घ्यावा लागतो.