मुरायला वेळ हवा आणि ठेवायला जागाही

माझा भाचा अमेरिकेत घरी बिअर बनवतो. घरापुरती बिअर बनवायची मुभा तिकडे 1978 च्या कायद्याने मिळाली. मागे फोनवर म्हणाला, "मामा, बाटल्या भरल्या. आता तीन आठवडे हात लावायचा नाही." मी भेस्तानचा, म्हणजे दारूबंदीच्या मुलखातला. म्हटलं, झालेली वस्तू ठेवायची कशाला?

त्याने समजावलं ते असं. बाटली भरताना थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं आणि तयार झालेला वायू बुचाखाली कोंडला जातो. फेस येतो तो त्याचाच. साखर जास्त पडली तर बाटली फुटते. कोवळ्या बिअरला हिरव्या सफरचंदासारखा, कधी लोण्यासारखा वास असतो. तो वास आणणारी द्रव्यं यीस्ट हळूहळू संपवतं, गाळ तळाशी बसतो, चवीचा उग्रपणा जातो. हॉप्सचा सुगंध असलेली बिअर मात्र लवकर प्यावी, कारण तो वास उडतो. कडक बिअर वर्षभरही सुधारत राहते. जागा थंड आणि अंधारी लागते. आपल्या लोणच्याला जो शब्द आपण वापरतो तोच इथे बसतो: मुरणं.

अशी मुरलेली बिअर हिंदुस्थानात पूर्वीच येऊन गेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बिअर पिंपांतून इकडे येई. आफ्रिकेला वळसा घालून यायला चार-सहा महिने लागत आणि तेवढ्यात ती जहाजाच्या पोटातच मुरे. पण ती साहेबांसाठी. आपल्या भागातल्या माणसाने स्वतःचं पेय असं मुरवलं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

दक्षिण गुजरातेत घरची पेयं दोन: ताडी आणि मोहाची दारू. ताडीला थांबणं ठाऊकच नाही. पहाटेची गोड नीरा दुपारपर्यंत चढते आणि पुढे आंबट होते. मोहाची गोष्ट वेगळी. वाळलेली फुलं पाण्यात भिजवून आंबवायची, मग मडक्यांच्या भट्टीवर ऊर्ध्वपातन करायचं. अशी दारू ठेवली तर टिकते. मग ती ठेवायची रीत का पडली नाही?

माझ्या मते, एक मोठं कारण कायद्यात आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि दारू गाळण्या-विकण्याचे हक्क ठेकेदारांकडे गेले. 1892 साली तर मोहफुलं बाळगण्यावरच निर्बंध घालणारा वेगळा कायदा आला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या बदलाचं वर्णन रिवाजाचा गुन्हा होणं असं केलं आहे. मुरवायचं म्हणजे साठवायचं, आणि साठा म्हणजे पुरावा. आमच्या जुन्या गावठाणातल्या एका हळपती आजींना मी याबद्दल विचारलं. त्या हसल्या. त्यांच्या सांगण्याचा मतलब असा की मडकं घरात एक रात्र राहिलं तरी जिवाला घोर, महिनाभर कोण ठेवणार?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर 1922 मध्ये सूरत जिल्ह्यात देवीची चळवळ पोहोचली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून निघालेली ही देवी आदिवासींच्या अंगात येई आणि सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. गावंच्या गावं पिणं सोडून बसली. दारूवाल्या सावकार-जमीनदारांकडे मजुरीला जायचंही अनेकांनी नाकारलं. म्हणजे पेय हिरावलं गेलं तसं ते लोकांनी आपणहूनही टाकलं. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1960 साली राज्य वेगळं झाल्यावर गुजरातने तो कायम ठेवला. चोरून, घाईत होणाऱ्या धंद्याचा शेवट कुठे होतो तेही आपण पाहिलं. 2009 साली अहमदाबादेत लठ्ठ्याने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं, आणि ते कितीही ठेवलं तरी निवळत नाही.

मग आपल्याकडे मुरवण्याची विद्या गेलीच का? भेस्तानहून लोकलमध्ये बसा. सचिन, मरोली करत नवसारी येतं. तिथल्या पारश्यांचा सरको प्रसिद्ध आहे. कोलाह यांची पेढी तर 1885 पासूनची. उसाचा रस आधी आंबतो, त्याचा मद्यार्क होतो. मग हवा लागली की जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि लाकडी पिंपांत ते सावकाश मुरतं. म्हणजे भाच्याची बिअर बंद बाटलीत जिथे थांबते, तिथून हवा देऊन पुढे गेलं की सरको. वाट बहुतेक तीच, धीरही तोच. फरक एवढाच की सरक्याचं पिंप लपवावं लागलं नाही.

आमच्या आईने खानदेशातून आल्यावर शेजारणीकडून सरक्यातला कांदा शिकला. बरणीला आठ दिवस हात लावू द्यायची नाही. तेव्हा राग यायचा.

आपल्या घरी असं काही मुरत असेल, किंवा मोहाच्या, ताडीच्या आठवणी सांगणारं म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. मंडळाकडे या विषयाची नोंद फार थोडी आहे. ही माणसं मात्र बाटलीसारखी थांबणार नाहीत.