आखूड तोंडाचा कुत्रा आणि त्याचा गळपट्टा

बालाघाटच्या डोंगरात धनगराचा कुत्रा मेंढरांमागे मोकळाच चालतो; तोंड लांब, श्वास मोकळा, धन्याच्या हाकेने तो वळतो. बीड-अंबाजोगाईच्या घरांतून दिसणाऱ्या चपट्या तोंडाच्या पगाचे तसे नाही. तो साखळीवाचून रस्त्यावर येत नाही, आणि आला की धन्यास ओढू लागतो. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत हा प्राणी एका मुलामागे चालताना दिसला व देशभर त्याची मागणी वाढली. त्या चित्रात साखळी नव्हती, हे विकत घेणारांच्या ध्यानी आले नसावे!

या आखूड तोंडांचा इतिहास सुखाचा नाही. बुलडॉगचेच पाहा. इंग्लंडात बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला आणि बुलडॉगचे काम संपले. पुढे प्रदर्शनांची हौस वाढली, १८७३ साली केनेल क्लब निघाला, आणि शोभेपायी पैदासकारांनी तोंड अधिकाधिक आखूड केले. हाड आखडले, परंतु आतील मांस त्या मानाने घटले नाही. नाकपुड्या अरुंद राहिल्या, टाळूचा मऊ भाग लांब पडला. कुत्रा मुख्यतः धापेनेच अंग निववतो. अशाचा गळा पट्ट्याने आवळला, तर आधीच अरुंद असलेली वाट दाबली जाते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार असता हे जिवावर बेतू शकते.

शिक्षणाची जुनी रीत हिसक्याची. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तकात सक्तीला मोठे स्थान आहे. १९५१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी लेख लिहून, नेमक्या क्षणी दिलेल्या बक्षिसाने पशू कसा शिकतो हे सामान्य वाचकांस समजाविले. शाळांतून छडीही काही याहून लवकर गेली नाही.

ओढतो म्हणून फिरविणेच बंद करणे हा उपाय नव्हे. सदा बांधलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणिछळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला सैल पट्टा घालावा. साखळी ताणली की स्तब्ध उभे राहावे, रागावू नये. ती सैल पडताच खाऊचा कण द्यावा व पुढे निघावे. ओढल्याने रस्ता थांबतो, हे त्यास उमगू लागते. पहिल्या दिवशी गल्लीचे टोकही गाठणार नाही. पहाटेची वेळ धरावी, आणि श्वास घरघरू लागला की धडा तेथेच सोडून सावलीत बसावे.