गुडघ्याच्या दुखापतीनंतर चाळिशी-पन्नाशीत पुन्हा बॉलिंग: कधी, किती आणि कशी?

चाळिशी ओलांडलेला क्लबचा बॉलर गुडघा दुखावून घरी बसला की त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "पुरे झालं आता, वय बघा जरा." टीममधले म्हणतात, "दुखत नाही ना? मग ये रविवारी, एक बॉलर कमी पडतोय."

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. फक्त वय झालं म्हणून बॉलिंग सोडायची गरज नसते. आणि दुखणं थांबलं म्हणजे गुडघा बॉलिंगसाठी तयार झाला, असंही होत नाही. चार महिने आराम केलेल्या गुडघ्याला चालायची सवय असते, रनअप घेऊन क्रीजवर आदळायची नसते. ती सवय हळूहळू, चेंडू मोजून परत लावावी लागते. हे नेमकं कसं करायचं, ते समजून घेऊया.

बॉलिंग टाकताना गुडघ्यावर काय बेततं?

उजव्या हाताने बॉलिंग टाकणाऱ्याचा डावा पाय चेंडू सोडताना पुढे येतो. डावखुऱ्याचा उजवा. हा पुढचा पाय म्हणजे बॉलरचा ब्रेक. धावत आलेलं सगळं शरीर त्या एका पायावर थांबतं आणि तिथून वेग हातात जातो.

चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून जेमतेम आपल्या वजनाएवढा धक्का बसतो. धावताना तो दोन ते तीन पट होतो. वेगवान बॉलरच्या पुढच्या पायाला मात्र हाच धक्का वजनाच्या पाच पटींहूनही जास्त बसू शकतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४०० किलोंच्या वर! क्लबमधल्या मध्यमगती बॉलरला तो कमी असतो, पण चार ओव्हर टाकल्या तर तो किमान २४ वेळा बसतो. वाइड आणि नो-बॉल वेगळे.

पुढचा गुडघा ताठ ठेवला की वेग जास्त मिळतो, पण धक्काही जास्त बसतो. गुडघा थोडा वाकवला तर धक्का जिरतो आणि वेग कमी होतो. स्पिनर मात्र यातून सुटला असं समजू नका. त्याला धक्का कमी बसतो, पण तो पुढच्या पायावर गिरकी घेतो आणि पीळ पडणं गुडघ्याला अजिबात आवडत नाही.

वयाने नेमका काय फरक पडतो?

तिशीनंतर व्यायाम नसेल तर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा शॉक अॅब्सॉर्बर. दुखापतीत तो सगळ्यात आधी वाळतो. टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजून बघा, फरक लगेच दिसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, मागे राहतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात "एकदम फिट वाटतंय" असं म्हणणारा पाचव्या आठवड्यात वाटीखाली दुखतं म्हणून परत घरी बसतो.

यात वजनाचाही वाटा आहे. गुडघ्याची झीज झालेल्या आणि वजन जास्त असलेल्या लोकांच्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. सुटलेलं पोट थोडं आत घेतलं तरी गुडघ्याला ते जाणवतं.

दुखापत कोणती, यावर सगळं ठरतं

"माझा गुडघा गेला होता, मी दोन महिन्यांत खेळलो" असं सांगणारा मित्र प्रत्येक टीममध्ये असतो. त्याची दुखापत आणि तुमची दुखापत एकच असेल असं नाही.

एसीएल लिगामेंट: हे फाटलं आणि शस्त्रक्रिया झाली तर बॉलिंगसारख्या खेळात परतायला साधारण ९ महिने ते १ वर्ष लागतं. ९ महिन्यांच्या आत परतलेल्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

गादी, म्हणजे मेनिस्कस: फाटलेला तुकडा काढून टाकला तर परतणं काही आठवड्यांत शक्य होतं. टाके घालून गादी शिवली असेल तर अनेक महिने थांबावं लागतं, कारण टाक्यांवर पीळ पडून चालत नाही.

वयानुसार झालेली झीज: एमआरआयमध्ये "गादी फाटली आहे" असं वाचून घाबरून जाऊ नका. पन्नाशीनंतर गुडघा अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही हेच दिसतं. अशा झिजेच्या दुखण्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा पहिला उपाय नसते. आधी व्यायाम, वजन आणि भाराचं गणित बघितलं जातं.

सांधा बदलला असेल तर क्रीजवर आदळणाऱ्या बॉलिंगचा विचार सर्जनशी बोलल्याशिवाय करू नका.

गुडघा तयार आहे हे कसं ओळखायचं?

कॅलेंडर बघून ठरवू नका. चेंडू हातात घेण्याआधी या गोष्टी जमल्या पाहिजेत:

१. गुडघा दुसऱ्या पायाइतकाच पूर्ण सरळ होतो आणि त्यावर सूज नाही. गुडघ्यात पाणी असेल तर बॉलिंगचा विषयच नको.

२. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. चढणं सोपं असतं, खरी परीक्षा उतरताना होते.

३. हात न टेकता, एका पायावर, खुर्चीतून सलग १० वेळा उठता येतं. दोन्ही पायांनी.

४. २० मिनिटं हलकं धावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जड वाटत नाही.

५. एका पायावर पुढे उडी मारून तोल न जाता थांबता येतं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी.

पाचवी कसोटी बॉलरसाठी सगळ्यात महत्त्वाची, कारण बॉलिंगमध्ये पुढचा पाय प्रत्येक चेंडूला हेच करतो. शस्त्रक्रिया झाली असेल तर ती फिजिओसमोरच करा. आणि चाळिशीनंतर बऱ्याच महिन्यांनी मैदानात उतरताना एकदा बीपी, शुगर आणि हृदयाची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

परतीचे टप्पे

खाली दिलंय ते आठ आठवड्यांचं उदाहरण आहे. तुमचा फिजिओ आकडे बदलेल, पण क्रम साधारण असाच राहतो. बॉलिंग आठवड्यातून तीनच दिवस आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा.

पहिला आणि दुसरा आठवडा: जागेवर उभं राहून किंवा दोन पावलांतून १८ ते २४ चेंडू. वेग विसरा, लाइन-लेंग्थ बघा.

तिसरा आणि चौथा आठवडा: पाच-सहा पावलांचा रनअप, निम्म्याहून थोडा जास्त जोर, २४ ते ३० चेंडू.

पाचवा आणि सहावा आठवडा: पूर्ण रनअप, पण जोर पाऊणच. सलग १२ चेंडू टाकून विश्रांती, मग पुन्हा १२.

सातवा आठवडा: नेटमध्ये बॅट्समनला पूर्ण जोराने. समोर बॅट्समन आला की आपोआप जोर वाढतो, म्हणून हा टप्पा वेगळा ठेवला आहे.

आठवा आठवडा: सामना. दोन ओव्हरचा एक स्पेल, जमल्यास नंतर आणखी एक. कॅप्टनला हे टॉसच्या आधी सांगून ठेवा. मॅच रंगली की "अजून एक टाक" कुठून तरी येणारच.

एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: चेंडू किंवा जोर किंवा रनअप. तिन्ही एकदम वाढवले तर नेमकं काय बाधलं ते कळणारही नाही. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या मॅचमधले आणि मुलाला टाकलेले चेंडूही मोजा. गुडघा त्यांना सवलत देत नाही.

अचानक वाढवलेल्या भाराचा त्रास लगेच दिसेलच असंही नाही. व्यावसायिक वेगवान बॉलरांच्या अभ्यासात एका सामन्यात खूप ओव्हर टाकल्यानंतर पुढचे तीन-चार आठवडे दुखापतीचा धोका वाढलेला दिसला आहे. त्यामुळे "त्या दिवशी सहा ओव्हर टाकल्या, काही झालं नाही" हा पुरावा फार भरवशाचा नाही.

या काळात ताकदीचे व्यायाम बंद करू नका. भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, अर्ध्या बैठका, एका पायाने पायरी हळू उतरणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं आणि नितंबांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा चालूच हवेत.

मैदान, बूट, पट्टा आणि गोळी

सिमेंटच्या विकेटवर आणि पातळ मॅटवर धक्का जिरायला जागा नसते. शक्य असेल तर सुरुवात मातीवर किंवा गवतावर करा. मुंबईत १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या मैदानावर बॉल टाकण्यात गंमत आहे, पण पहिलं पुनरागमन तिथे नको. पाय घसरला की गुडघा पिळतोच.

स्पाइक्स मातीच्या पिचवर पकड देतात. सिमेंटवर आणि बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर मात्र रबरी तळाचेच बूट घाला. पाय टेकतो तिथे खड्डा पडला असेल तर बुजवून घ्या किंवा क्रीजवर थोडी जागा बदला.

गुडघ्याच्या पट्ट्याने ऊब आणि आधाराची जाणीव मिळते, ताकद येत नाही. पट्ट्याशिवाय टाकायची हिंमत होत नसेल तर एक टप्पा मागे जा.

मॅचआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरणं मात्र टाळा. दुखणं ही सूचना असते, गोळी ती बंद करते. शिवाय डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

थोडं दुखलं तर थांबायचं का?

दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या.

३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर त्याच टप्प्यावर राहा.

४-५ च्या घरात गेलं किंवा २४ तासांनंतरही दुखत असेल, तर दोन दिवस विश्रांती घेऊन मागच्या टप्प्यावर जा.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा दिला किंवा गरम होऊन ताप आला, तर बॉलिंग बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, ती रक्ताची गुठळी असू शकते.

मोठ्या खेळाडूंनी काय केलं?

रवींद्र जडेजाच्या उजव्या गुडघ्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो डाव्या हाताने बॉलिंग करतो, म्हणजे दुखावलेला पाय नेमका पुढचा. तो थेट भारतीय संघात आला नाही. जानेवारी २०२३ मध्ये आधी सौराष्ट्रकडून चेन्नईत रणजी सामना खेळला आणि दुसऱ्या डावात ७ विकेट घेतल्या. मग फेब्रुवारीत नागपूरच्या जामठा मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच डावात ४७ धावांत ५ विकेट आणि नंतर ७० धावा. दिमतीला फिजिओ आणि ट्रेनर असलेल्या, तेव्हा ३४ वर्षांच्या खेळाडूनेही चार महिन्यांहून जास्त वेळ घेतला आणि मधली पायरी गाळली नाही.

दुसरं उदाहरण दुखापतीचं नाही, पण चाळिशीतल्या बॉलरच्या कामाचं आहे. मुंबईचा प्रवीण तांबे आधी मध्यमगती बॉलिंग करायचा, नंतर लेगस्पिनकडे वळला. त्याच लेगस्पिनच्या जोरावर २०१३ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने आयपीएलमध्ये पदार्पण केलं आणि २०१४ मध्ये हॅटट्रिक घेतली.

पूर्वीचा वेग परत आलाच नाही तर?

बऱ्याच जणांचा येत नाही. तेव्हा बॉलिंग सोडण्याआधी ती बदलून बघा. रनअप निम्मा करा. कटर, स्लोअर वन आणि क्रीजच्या कोपऱ्यातून टाकलेला कोन यांवर विकेट मिळवा. पीळ सहन होत असेल तर ऑफस्पिन शिका. फील्डिंगला सीमारेषेवर सूर मारण्यापेक्षा स्लिपमध्ये उभं राहा.

खेळायला जागाही आहे. चाळिशी, पन्नाशीवरच्यांच्या स्पर्धा ठिकठिकाणी होतात. पन्नाशीवरच्या खेळाडूंचा पहिला विश्वचषक २०१८ मध्ये सिडनीत झाला होता.

तुमच्या टीममध्ये असा एखादा बॉलर असेल तर त्याला "कधी येतोयस?" असं विचारण्याऐवजी "किती चेंडूंपर्यंत पोचलास?" असं विचारा. आणि तो परतेल त्या रविवारी दोन ओव्हर झाल्या की चेंडू त्याच्या हातातून काढून घ्यायची जबाबदारी कॅप्टनची.