इंटरनेटवरील थेट क्रीडाप्रक्षेपण : चित्रदर्जा व फ्रेम रेट

इंटरनेटवरून दिसणाऱ्या थेट सामन्याचा चित्रदर्जा मुख्यतः रिझोल्यूशन, बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) आणि फ्रेम रेट (दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चौकटी) यांवर ठरतो. जाहिरातीत मिरवते ते रिझोल्यूशन. खेळात कसोटी लागते ती फ्रेम रेटची. ताशी १४० किमी वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. २५ फ्रेमच्या प्रक्षेपणात दोन चौकटींदरम्यान तो दीड मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो, ५० फ्रेममध्ये पाऊण मीटरच्या आसपास. बॅटची कड लागल्याचा क्षण या फटीत सहज हरवतो.

भारतीय दूरचित्रवाणी ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीवर वाढली. १०८०आय प्रक्षेपणात सेकंदाला एकाआड एक ओळींची ५० अर्धचित्रे येतात. इंटरनेटसाठी ती जोडून २५ पूर्ण चौकटी केल्या की डेटा वाचतो, पण हालचाल तुटक दिसते. ५० चौकटीही ६० हर्ट्झच्या मोबाइल पडद्यावर समान बसत नाहीत. कॅमेरा सीमारेषेकडे वळताना बारीक हिसके जाणवतात.

सामन्याच्या वेगवेगळ्या बिटरेटच्या आवृत्त्या काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवल्या जातात आणि प्लेअर नेटच्या वेगानुसार त्यांतून निवड करतो. बिटरेट घटला की मैदानावरचे गवत आणि प्रेक्षकांची गर्दी आधी पुसट होते. अशा वेळी १०८०पी/२५ (१०८० ओळींच्या २५ पूर्ण चौकटी) पेक्षा ७२०पी/५० खेळासाठी सरस. युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियननेही २००४ मध्ये एचडी प्रक्षेपणासाठी ७२०पी/५० चीच शिफारस केली होती.