हवेत पडलेला रिव्हर्स

अम्मी उमराहून परतली तेव्हाची गोष्ट. मुंबईत विमानाची चाकं टेकली आणि एकदम मोठा घरघराट झाला. खिडकीतून पाहते तर इंजिनाचं आवरण मागे सरकून मध्ये फट पडलेली. सांगलीला घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न: "हेच वर आभाळात झालं असतं तर रे?"

अब्बांनी उभी हयात सांगलीहून हळदीचे ट्रक मुंबईला नेले. कराड, सातारा, पुढे खंबाटकी. ते म्हणाले, "चालत्या गाडीला रिव्हर्स पडत नाही. खटका असतो त्याला."

विमान बनवणारेही १९९१ पर्यंत जवळपास याच खात्रीने बोलत होते. अम्मीने पाहिला तो थ्रस्ट रिव्हर्सर. आवरण सरकतं, आतली दारं हवेची मागची वाट अडवतात आणि हवा पुढच्या बाजूला फेकली जाते. विमानाचा वेग त्याने उतरतो. हवेत चुकून उघडला तरी विमान सावरता येतं, असं बोइंग ७६७च्या चाचणीत ठरलं होतं. चाचणी मात्र कमी वेगात, इंजिन मंद ठेवून झाली होती.

२६ मे १९९१च्या रात्री लाउडा एअरचं ७६७ बँकॉकहून व्हिएन्नाला निघालं. काही मिनिटांत रिव्हर्सरचा सूचना-दिवा लागला. वैमानिकांनी पुस्तिका उघडली. आणखी काही बिघडलं तर रिव्हर्सर हवेत उघडू शकतो, एवढं तिच्यात होतं. त्यावर करायचं काय, ते नव्हतं. पुढे २४ हजार फुटांच्या वर, भर वेगात डावा रिव्हर्सर उघडला. त्या पंखाची उचल सुमारे पाव भागाने गेली. अर्ध्या मिनिटाच्या आत विमान हवेतच तुटलं. २२३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

अशा वेळी मेलेल्या वैमानिकावर ठपका ठेवणं सगळ्यात सोपं. त्याला उत्तर देता येत नाही. इथे कंपनीचा मालक निकी लाउडा होता, मोटार शर्यतींचा तीन वेळचा जगज्जेता, स्वतः वैमानिक. तो थायलंडच्या जंगलात अवशेष बघायला गेला, मग सिम्युलेटरवर बसून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उडवून पाहिला. विमान सावरेना. लाउडाने पुढे मुलाखतीत सांगितलं, की त्याने बोइंगलाच आव्हान दिलं: मला ७६७ द्या, हवेत रिव्हर्सर उघडतो, नाहीतर हे सावरता येत नाही असं लिहून द्या. बोइंगने तसं जाहीर केलं. थायलंडच्या चौकशीतही हेच आलं, की सावरायला चार ते सहा सेकंद मिळतात आणि बेसावध वैमानिकाला ते जमणारं नव्हतं. रिव्हर्सर नेमका कशामुळे उघडला, ते मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यानंतर रिव्हर्सरला आणखी एक स्वतंत्र कुलूप बसवणं भाग पडलं.

अब्बांना हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे एक खटका कमी होता." अम्मीने विचारलं, "आता आहे ना पण?" आहे, म्हटलं.