घास, घड्याळ आणि क्ष-किरण

आमच्या अंधेरीत कुणाचा घास छातीत अडकू लागला, की सल्ले ठरलेले असतात. सावकाश चाव, वर पाणी पी, पित्त असेल. माणूसही तसे वागू लागतो आणि अडचण अंगवळणी पडते. म्हणूनच आजार किती वाढला आहे, हे नुसत्या तक्रारीवरून कळत नाही. ते मोजायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

अन्ननलिकेच्या तळाशी असलेला स्नायू गिळताना सैल व्हायला हवा. तो होत नाही, त्या आजाराला अकॅलेशिया म्हणतात. 1674 साली इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले. देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून तो घास खाली ढकलत असे. आत काय चालले आहे, हे मात्र दिसत नव्हते.

1895 मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षअखेरीस हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांचे गिळणे त्यातून पाहायला सुरुवात केली. लांब मानेच्या हंसाला त्यांनी बिस्मथ मिसळलेले अन्न दिले. 1910च्या सुमारास बिस्मथऐवजी बेरियम सल्फेट आले. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तात शोषले जात नाही. बेरियम प्यायल्यावर अकॅलेशियातील अन्ननलिकेचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते.

पण चोच दिसली म्हणजे आजार कळला. त्याची तीव्रता कळली नाही. त्यासाठी चित्राला घड्याळाची जोड द्यावी लागली. 1997 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी एक सोपी रीत मांडली. रुग्णाने उभ्याने बेरियम प्यायचे आणि 1, 2 व 5 मिनिटांनी फिल्म घ्यायची. नळीत उरलेल्या बेरियमची उंची आणि रुंदी मोजायची.

यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. उपचारानंतर ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्या काही रुग्णांच्या अन्ननलिकेत बेरियम तसेच साचलेले होते. अशांचा त्रास पुढे उलटण्याची शक्यता अधिक असते. पाच मिनिटांनंतरही पाच सेंटीमीटरहून उंच बेरियम उरले, तर डॉक्टर सावध होतात.

ही चाचणी एकटी पुरत नाही. कर्करोग नाही ना, हे दुर्बिणीने पाहावेच लागते. नळीतला दाबही मोजतात. तरीही माझे एक सांगणे आहे. घास वारंवार अडकत असेल, तर सवयीवर भागवू नका. आणि तपासणी झाली, की फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना तिच्याशीच करायची असते.