मोटारगाडीची वायुगतिकी
मोटारगाडीची वायुगतिकी : धावत्या मोटारगाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचा व त्यातून गाडीवर येणाऱ्या बलांचा अभ्यास. वेगवान गाडीच्या रचनेत वायुरोध (हवेचा मागे ओढणारा जोर) घटवणे व स्थैर्य वाढवणे ही दोन उद्दिष्टे असतात.

वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीवरून जाणाऱ्या नागपूर–तुळजापूर महामार्गावर गाडीचा वेग ताशी ५० वरून १०० किमी. झाला, तर वायुरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. आधुनिक मोटारींचा वायुरोध गुणांक (आकारामुळे होणाऱ्या वायुरोधाचे माप) साधारण ०·२५ ते ०·३५ असतो.

उपाय : निमुळता मागील भाग व सपाट तळ यांमुळे गाडीमागील भोवरे घटतात. वेगात गाडी वर उचलली जाऊ लागली, की चाकांची पकड सैल होते. पुढील स्प्लिटर (पुढच्या भागाखालची आडवी पट्टी), मागील पंख व तळाचा डिफ्यूझर (मागे वर चढत जाणारा तळाचा भाग) गाडीला खाली दाबतात. पंखाने वायुरोधही वाढतो. शिवाय पुढच्या व मागच्या चाकांवरील दाबाचा तोल साधावा लागतो. केवळ मागे पंख बसवल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचे नियंत्रण बिघडू शकते. रचनेची पडताळणी संगणकीय सदृशीकरणाने, तसेच वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) व चाचणी मार्गावर करतात.

मागील पंखाचे एक उदाहरण : महिंद्र समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिना कंपनीची बॅटिस्टा ही विद्युत मोटार २०१९ मध्ये जिनीव्हा येथे सादर झाली. तिचा हलता मागील पंख ब्रेक लावताना हवेचा अडसर बनून वेग घटवण्यास मदत करतो.